कंट्रोलर काकांची फरशी

उमरग्यातल्या त्या घरी चहा सगळ्यांना मिळायचा, पण फुकट नाही. आधी चपला काढायच्या, दाराशी ठेवलेल्या बादलीत पाय बुडवायचे आणि अंगणात ओळीनं मांडलेल्या फरश्यांवरून चालून दाखवायचं. पोस्टमन चालला, गॅसची टाकी आणणारा चालला, मतदारयादी तपासायला आलेले गुरुजीसुद्धा हातातले कागद सावरत चालले. माझी आई तेरहून पहिल्यांदा मला भेटायला आली, तेव्हा तिला वाटलं ह्या घरात काहीतरी कडक सोवळंओवळं आहे. तिनं मुकाट्यानं पाय भिजवले, पदर खोचला आणि चालली. शेवटच्या फरशीवर पोचली तशी घरमालकांनी तिला विचारलं, "तिसऱ्या नंबरवर टाच सरकली का?"

"न्हाय की."

"नीट आठवा. जरा बी न्हाय?"

"आता तुमी एवढं म्हंताव तर सरकली असंल बघा जरा," आई म्हणाली. लेक ज्यांच्या घरात राहते त्यांना नाराज कशाला करायचं, एवढाच तिचा विचार.

झालं. ती तिसऱ्या नंबरची फरशी आदल्या दिवशी जवळजवळ पक्की झाली होती. माझ्या आईच्या भिडस्तपणापायी ती बाद झाली.

मी तेव्हा उमरग्याच्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते. लोकांच्या दंडाला पट्टा बांधायचा, रक्त काढायचं आणि दुपारपर्यंत रिपोर्ट द्यायचा. रिपोर्टात 'बहुतेक' असं लिहिता येत नाही. त्यामुळे माझा स्वभावही तसाच झालेला, एक घाव दोन तुकडे. आणि देवानं मला भाड्याची खोली मिळवून दिली ती नेमकी ह्या माणसाच्या डोक्यावर.

मालक एसटीतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक. गाव त्यांना कंट्रोलर म्हणायचं, मी कंट्रोलर काका म्हणायचे. मी त्यांच्या लेकीहून लहान, तरी त्यांनी मला कधी अगंतुगं केलं नाही. "लॅबवाल्या ताई, जरा खाली येता का? जरा खाली येता का?" अशी जिन्याखालून हाक आली की समजायचं, नवीन सँपल आलंय. प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची त्यांची सवय स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारून लागलेली. चहा झालाय, चहा झालाय. नळाला पाणी आलंय, नळाला पाणी आलंय. फोनवरसुद्धा तसंच. पलीकडचा माणूस नवीन असला तर त्याला वाटायचं, आपल्याला ऐकू कमी येतं हे ह्यांना कुणी सांगितलं.

गावातली जुनी माणसं त्यांच्या डेपोतल्या गोष्टी सांगायची तेव्हा मला हसू यायचं, कारण मला दिसणाऱ्या माणसाशी त्या गोष्टींचा काही मेळच बसत नव्हता. म्हणे ह्यांच्या तोंडून एकदा निघालेला फलाट कधी बदलला नाही. ड्रायव्हरनं गाडी भलतीकडे लावली तर काका खिडकीमागून उठून बाहेर येत आणि ती मागं घ्यायला लावत. मी एकदा त्यांना त्याबद्दल विचारलं.

"फलाट बदलला की माणसं पळतेत, ताई," ते म्हणाले. "तरणी पळून जागा धरतेत. म्हातारी पडतेत. म्हणून आपण आधी नीट बघायचं, मग बोलायचं. बोललं की बोललं."

मी राहायला आले तेव्हा ते खरोखरच तसे होते. हॉलमध्ये तेव्हा पांढरीशुभ्र चकचकीत टाइल होती. निवृत्त झाल्यावर काकांनी सोलापूरच्या दुकानात जाऊन, दुकानदारानं मागवलेला चहा यायच्या आत ती पसंत केली होती. काकूंचं म्हणणं पडलं होतं की आपली शहाबादीच बरी, पायाला कळती तरी. काकूंचं माहेर माकणीचं, जन्म शहाबादी फरशीवर गेलेला. काकांनी "अगं, जग कुठं गेलंय" म्हणून विषय संपवला होता. मला खोली दाखवायला काकू हॉलमधून पुढं निघाल्या, तेव्हा मागं वळून म्हणाल्या, "हळू चाल गं पोरी. ह्यांनी घरात आरसा आंथरलाय."

काकू ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या आणि दिवसभर बोलणाऱ्या. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक माणसाला त्यांच्याकडून एक तरी वाक्य मिळायचं. भाजीवालीला तिच्या सुनेवरून, दूधवाल्याला त्याच्या दुधावरून. मी सकाळी दवाखान्यात निघाले की "आज कुणाचं रगत काढतीस?" हे ठरलेलं. अशी बाई एका सकाळी दुधाचं पातेलं घेऊन हॉलमधून येताना पडली. मला वर पातेल्याचा आवाज आला. धावत खाली आले तर पांढऱ्या फरशीवर पांढरं दूध, आणि मध्ये काकू. काका त्यांच्याजवळ गुडघ्यावर बसलेले आणि एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होते, "उठू नको. उठू नको."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन सोलापूरला झालं, ते चांगलं झालं, आणि काकू तिथंच लेकीकडे राहिल्या. काका एकटे परत आले. आले त्याच दिवशी त्यांनी शिवप्पा मिस्त्रीला बोलावून हॉलमधली टाइल फोडायला लावली. ती फुटताना ते दारात उभे होते. आपण एक गोष्ट झटक्यात ठरवली आणि आपल्या बायकोचा पाय मोडला, एवढा एकच हिशेब त्या माणसाच्या डोक्यात बसला होता. त्या दिवसापासून त्यांचं काहीच ठरेना.

मॅट फिनिशची टाइल आणली. ती पायाला बरी, पण हळदीचा डाग धरते म्हणून गेली. हळदीचा डाग कुणी पाडला? काकांनीच. प्रत्येक सँपलवर ते हळद, शेंगाचटणीचं तेल, ताक आणि मेंदी असे चार ठिपके देत आणि रात्रभर ठेवत. सकाळी मी माझ्या दवाखान्यात आणि ते अंगणात, दोघंही नमुनेच तपासत असू. कोटा दगड आणला, तो उन्हात भलताच हिरवा दिसला. ग्रॅनाइट दारातूनच परत गेला, कारण तो बघितल्यावर काकांना घाम फुटला. दरवेळी ठरवताना अगदी ठणकावून ठरवायचे. दुपारचं जेवण झालं, जरा डोळा लागला, की उठून म्हणायचे, "मिस्त्री, एक विचार आला. एक विचार आला."

शिवप्पा सीमेपलीकडच्या गावचा, शांत माणूस. सुरुवातीला तो कावला. मग त्यानं आपला एक नियम करून टाकला. काकांची वामकुक्षी होऊन गेल्याशिवाय सिमेंट कालवायचंच नाही. सकाळी "लावू का, साहेब?" असं विचारायचं, काका "लावा" म्हणाले की कानडीत "हौदु", म्हणजे हो, म्हणायचं आणि विडी काढून बसायचं. "सकाळचं साहेब येगळं, दुपारचं साहेब येगळं," तो मला म्हणाला. "म्या दुपारच्याचं काम करतो."

दर रविवारी काका सोलापूरला जायचे. पिशवीत काकूंसाठी एक डबा आणि फरशीचा एक तुकडा. गाडीतला कंडक्टर विचारायचा, "पुन्हा फरशी का, साहेब?" काका लगेजचं तिकीट मागायचे. तो हसून नको म्हणायचा. काका ते घेतल्याशिवाय खाली बसायचे नाहीत. तिथं गेल्यावर तुकडा काकूंच्या पलंगाजवळ ठेवायचे आणि विचारायचे, कशी आहे. काकू त्याच्याकडे न बघता म्हणायच्या, "तुम्हाला बरं वाटंल ते करा."

हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मला काळजीच वाटली. ज्या बाईनं दूधवाल्याच्या सायकलीबद्दलसुद्धा मत दिल्याशिवाय त्याला सोडलं नाही, ती असं म्हणते म्हणजे काय? लेकीकडून कळायचं ते असं, की हाड जुळलंय, डॉक्टर म्हणतात चाला, वॉकर आणून ठेवलाय, पण आई उभी राहते आणि पुन्हा खाली बसते. पाय टाकत नाही.

शेवटी शहाबादीच घ्यायची असं ठरलं. काकूंचंच खरं होतं, हे काकांनी कुणाजवळ बोलून दाखवलं नाही, पण त्यांनी ती दुकानातून घेतली नाही. थेट शहाबादला खाणीवर गेले. दोन गाड्या बदलून परत आले ते एक मोठा चौकोनी दगड मांडीवर घेऊन. शेजारच्या सीटवरच्या बाईनं त्या फडक्यात बांधलेल्या दगडाला नमस्कार करत विचारलं, "देव हाय का, दादा?"

"अजून ठरायचंय," काका म्हणाले.

हे त्यांनी मला अगदी गंभीरपणे सांगितलं. मी जिन्यावर बसून पोट धरून हसले. ते जरा रागावले, मग तेही हसले. काकू सोलापूरला गेल्यापासून त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं.

मध्येच उंबऱ्याचं प्रकरण झालं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वॉकर अडेल असं दारात काही नको. काकांनी सकाळी उंबरा काढायला लावला. संध्याकाळी मी कामावरून आले तर खुर्ची टाकून दाराकडे बघत बसलेले. "ताई, घर उघडं वाटतंय," म्हणाले. "ही लग्न होऊन आल्यापासून रोज उंबऱ्याला हळदकुंकू लावती. परत येऊन कशाला लावंल?" दुसऱ्या दिवशी उंबरा परत बसला. तिसऱ्या दिवशी काकांनी दवाखान्यातून एक वॉकर मागून आणला, स्वतः तो धरून दारातून चालून बघितलं आणि उंबऱ्याला अडून तोंडावर आपटता आपटता वाचले. उंबरा पुन्हा निघाला. मग त्यांनी काळ्या कडप्प्याची एक पट्टी फरशीच्या अगदी पातळीत बसवून घेतली. दिसतो, पण पायाला लागत नाही, असा उंबरा. मला वाटलं सुटलो. पण आता त्यांना शंका, की असा सपाट उंबरा देवाला चालतो का.

गल्लीत जंगमस्वामी आले होते. त्यांना बोलावून काकांनी हा प्रश्न टाकला. आधी बादलीत पाय बुडवायला लावले, हे सांगायला नकोच. स्वामींनी फरश्यांवरून चालून झाल्यावर पट्टीकडे बघितलं. "दारात लक्ष्मीची पावलं काढतेत न्हवं? ती चढून येतेत का सपाट येतेत?"

"सपाट."

"मग?"

एवढी एक गोष्ट मात्र त्या दिवसापासून पक्की राहिली.

भिंतीला धरायचे दांडे लावले, ते आधी काकांच्या कोपराच्या उंचीला. मग लक्षात आलं की काकू ठेंगण्या, म्हणून खाली दुसरी ओळ. मग शंका आली की पाय बरा झाल्यावर त्या जरा ताठ चालतील, म्हणून मध्ये तिसरी. पलंगापासून न्हाणीपर्यंत नुसते दांडेच दांडे. शिवप्पा म्हणाला, आता घंटी तेवढी लावा, म्हणजे गाडी सोडता येईल. काकांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पण खरी कमाल झाली ती पुढं. शहाबादी बसली. जॉइंट भरले. पॉलिशची मशीन आली, तीन दिवस घरघरली आणि फरशी अशी काही निळीकाळी उजळली की गल्लीतल्या बायका बघायला आल्या. एकजण म्हणाली, "अगं बया, तोंड दिसतंय की." बास. ते वाक्य काकांनी ऐकलं. त्यांना पुन्हा ती पांढरी टाइल दिसली. रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले आणि संध्याकाळी परत आले तर घरातून टकटक टकटक आवाज. हॉलमध्ये तीन बायामाणसं उकिडवी बसून छिन्नी-हातोडीनं त्या नव्याकोऱ्या, पॉलिश केलेल्या फरशीला टाकी लावत होती. पाट्यावरवंट्याला, जात्याला टाकी लावायला गावोगाव फिरणारी ती मंडळी. काकांनी त्यांना बसस्टँडवरून बोलावून आणलं होतं. त्यांनाही असं काम आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं असावं. त्यातली म्हातारी मला म्हणाली, "बाई, एवढा मोठा पाटा आमी कुठं बघितला न्हाय."

दोन दिवसांत सगळा हॉल ठिपक्याठिपक्यांचा झाला. गल्लीला हसायला विषय मिळाला. शेजारच्या मावशींनी येऊन बघितलं आणि म्हणाल्या, "कंट्रोलर, आता लसूण-खोबरं आणते, हितंच वाटून घेते." पाय घसरणं तर सोडाच, पोछासुद्धा सरकेना. त्याचे धागे त्या ठिपक्यांत अडकून राहायचे. आणि काका? काका एका बाजूला समाधानानं त्यावर ओले पाय घासून बघत होते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी झोपेतून उठून म्हणाले, "मिस्त्री, एक विचार आला." त्यांच्या मनात आलं होतं, तळव्याला टोचेल का. अर्धं पॉलिश पुन्हा मारावं का.

त्याच संध्याकाळी सोलापूरहून त्यांच्या लेकीचा मला फोन आला. शांत, समजूतदार बाई. म्हणाली, "तुम्हीच जरा बाबांना सांगा. मी दिवाळीनंतर आईची खोली इथंच पक्की करून टाकते. औषधपाणी इथं, मी इथं. बाबांनी इकडं राहायला यावं. ते घर काही होणार नाही."

मी खाली गेले. काका त्या ठिपक्यांच्या फरशीवर मांडी घालून बसले होते आणि सँडपेपरनं एक कोपरा घासून बघत होते. मला त्यांची दया आली आणि रागही आला. जास्त रागच आला.

"काका, ज्याच्यावरून माणूस पडतच नाही असा दगड अजून कुठल्या खाणीतून निघाला नाही," मी म्हणाले. "तुम्ही सगळ्या गावाला चालवलंत. जिला चालायचंय ती सोलापूरला बसलीये. आता अजून एक सँपल आणलंत तर दिवाळीनंतर ह्या फरशीवर तुम्ही एकटेच चालणार आहात."

माझ्यासारख्या भाडेकरू पोरीनं असं बोलणं बरं नव्हतं. पण बोलून गेले. काकांनी हातातला सँडपेपर नीट घडी करून खिशात ठेवला.

"ताई," ते म्हणाले, आणि ह्या वेळी एकदाच म्हणाले, "ती परत पडली तर म्या काय करू?"

मी त्यांच्यासमोर खाली बसले. इतके महिने आम्ही सगळे हसत होतो ते ह्या एका प्रश्नावर, आणि तो प्रश्न मुळीच हसण्यासारखा नव्हता. काकांना फरशी ठरवायची भीती वाटत नव्हती. ती ठरली की काकूंना घरी आणावं लागेल, ह्याची भीती वाटत होती.

"पडल्या तर मी वर आहे," मी म्हणाले. "मागच्या वेळीही आलेच ना धावत."

त्यांनी मान हलवली. मग उठून लेकीला फोन लावला आणि सांगितलं की आईला एक दिवस घर दाखवायला आण. लेक म्हणाली, सकाळी आणते, तिथं माझं थोडं काम आहे, ते उरकून संध्याकाळी परत घेऊन जाते.

कोजागरी चार-दोन दिवसांवर आली होती. त्या दिवसांत आमच्याकडच्या रस्त्याला वेगळीच वर्दळ असते. कर्नाटकातून माणसं तुळजापूरला चालत निघतात. बाया, बाप्ये, अनवाणी पोरं, गळ्यात कवड्यांच्या माळा, आणि दिवसरात्र "आई राजा उदो उदो". काकांचं घर हायवेला लागूनच, त्यामुळे सगळा मेळा दारावरून जायचा. काकू आल्या त्या सकाळीही जात होता. गाडीतून उतरवून, दोन्हीकडून धरून आम्ही त्यांना आत आणलं. लेक त्यांना हॉलमध्ये खुर्चीवर बसवून, वॉकर शेजारी ठेवून आपल्या कामाला गेली.

काकू वाळल्या होत्या. गोल चेहरा लांब झाला होता. काका त्यांच्यापुढं उभे राहून एकेक गोष्ट दाखवत होते. ही फरशी, हे दांडे, हा दारातला उंबरा. शाळेतल्या पोरासारखे हात मागं बांधलेले. काकूंनी फरशीकडे बघितलं, ठिपके बघितले, आणि "बरं केलंय" एवढंच म्हणाल्या. पाय टाकून बघायला त्यांना कुणी सांगायचं धाडस केलं नाही. मी चहा केला, कोपऱ्यात उरलंसुरलं काम उरकत असलेल्या शिवप्पालाही दिला. कप हातात देताना पाहिलं तर त्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

त्या भिंतीत रस्त्याकडची खिडकी. घर बांधताना हायवेची धूळ नको म्हणून काकांनीच ती उंच ठेवली होती. उभं राहिलं की रस्ता दिसायचा. खुर्चीवर बसून फक्त विजेच्या तारा दिसत होत्या. बाहेरून आवाज येत होते, उदो उदो चाललं होतं, बायका काहीतरी कानडीत बोलत, हसत जात होत्या.

"माणसं चाललीत व्हय?" काकूंनी विचारलं.

"व्हय, लई चाललीत," काका म्हणाले. "औंदा गर्दी हाय."

"मला कुठं दिसतेत?" काकू म्हणाल्या. "तिकडं पोरीच्या घरात बी तिसरा मजला. नुसतं आभाळ बघत पडायचं. हितं येऊन बी तेच. तुमची फरशी चांगलीच हाय हो. पर मी दिवसभर खाली बघत बसू का?"

काकांनी भिंतीकडे बघितलं. मग खाली वाकले, काकूंच्या खुर्चीशेजारी, डोकं त्यांच्या डोक्याच्या उंचीला आणून त्या खिडकीकडे बघत राहिले. इतके महिने त्या माणसानं घरातली प्रत्येक वस्तू पायांनी तपासली होती. बसून वर कधी बघितलं नव्हतं. ते सरळ झाले.

"मिस्त्री," ते म्हणाले, "खिडकीखालची भिंत फोडा."

शिवप्पानं सवयीनं "हौदु" म्हटलं आणि विडी काढायला खिशात हात घातला.

"आत्ता," काका म्हणाले.

"साहेब, जेवण होऊ द्या. दुपारी बघू."

"दुपारी न्हाय. आत्ता फोडा."

शिवप्पानं माझ्याकडे बघितलं. त्यानं घण उचलला. पहिला घाव बसला तशी भिंतीची ढलपी उडाली, धूळ झाली. काका धावत जाऊन पलंगावर चादर टाकायला लागले, मी चहाचे कप उचलले, टीव्हीवर पोतं टाकलं. शिवप्पा डाव्या अंगानं विटा काढत होता आणि खोकत विचारत होता, "साहेब, किती खाली घेऊ? किती खाली?"

"अरं इथपत्तुर," काकूंचा आवाज आला. "तिकडं कुठं चाललास? इथपत्तुर घे. बसल्यावर रस्ता दिसाया पायजे, नुसती माणसाची टोपी न्हाय."

मी कप घेऊन वळले. काकू भिंतीजवळ उभ्या होत्या. एक हात वॉकरवर, दुसरा भिंतीवर, कुठपर्यंत फोडायचं ते बोटानं दाखवत. खुर्ची मागं रिकामी होती. मधली सगळी फरशी त्या चालून आल्या होत्या आणि त्यांचं स्वतःचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांचं सगळं ध्यान त्या विटेवर.

काकांनी बघितलं. चादरीचं टोक हातात धरून ते जागच्या जागी थांबले. त्यांचं तोंड उघडलं. मला वाटलं आता म्हणतात, चालली, चालली. मी मानेनंच नको म्हटलं. त्यांनी तोंड मिटलं. डोळे भरून आले ते त्यांनी धुळीवर घातले, बाहीनं पुसले आणि शिवप्पाला म्हणाले, "ती म्हणंल तितकं घ्या."

दुपारपर्यंत खिडकीखालचा चौकोन निघाला. जाळी नव्हती, चौकट नव्हती, नुसत्या विटांच्या कडा. काकू खुर्ची जवळ घेऊन बसल्या आणि जाणाऱ्या बायकांशी बोलायला लागल्या. कुठून निघालात, पायाला काय बांधलंय, लेकरू कुणाचं, पाणी पाहिजे का. मी तांब्या भरून देत होते, त्या भोकातून तो बाहेर जात होता. एका कानडी म्हातारीनं आत वाकून विचारलं, घर पडलं का? काकू म्हणाल्या, "पडलं न्हाय, बांधतोय." काका दारात उभे होते. त्या दिवशी ते दुपारी झोपले नाहीत.

संध्याकाळी लेक आली. तिनं दारातूनच भिंतीचं भगदाड बघितलं, धूळ बघितली आणि कपाळावर हात मारला. "हे काय आता? आई, चल, पिशवी घे. अंधार व्हायच्या आत निघू."

"कुठं?" काकू म्हणाल्या. त्यांनी खिडकीकडून मानसुद्धा वळवली नाही. "भिंत अर्धी फुटलीय. चौकट बसायचीय, जाळी बसायचीय. मिस्त्रीवर ध्यान कोण ठेवणार? ह्यांच्या भरवशावर सोडू व्हय?"

लेक खुर्चीशेजारची पिशवी स्वतःच उचलून काकांकडे बघत राहिली. काकांनी तिच्या हातातली आईची पिशवी घेतली, आत नेली आणि कुणालाही न विचारता कपाटातल्या वरच्या कप्प्यात ठेवून दिली.